बर्लिनमधली रविवारची न्याहारी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही चौघं मित्र नोकरीनिमित्त बर्लिनला आलो आहोत. लागोपाठ दोन रविवार साडेअकराला ब्रंचसाठी बाहेर पडलो. दोन्ही वेळा पाऊण तास रांगेत उभे राहिलो आणि शेवटी बेकरीतून काहीतरी घेऊन घरी आलो. टेबल मिळवायची रीत काय? आणि काही ठिकाणी ‘ब्रंच’ तर काही ठिकाणी ‘फ्र्युश्टुक’ लिहिलेलं असतं, त्यात फरक असतो का?
(फ्रीडरिशहाइन, बर्लिन)

फरक मोठा आहे, म्हणून आधी तोच सांगतो. बर्लिनमध्ये फलकावर ‘ब्रंच’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा तो बुफे असतो. माणशी ठरलेली रक्कम द्यायची आणि साधारण दहा ते दोन-तीन या वेळात हवं तेवढं वाढून घ्यायचं. चहा-कॉफी त्यात धरलेली असेलच असं नाही, आरक्षण करतानाच विचारून घ्या. ‘फ्र्युश्टुक’ म्हणजे न्याहारी. ती मेन्यूकार्ड पाहून ताटलीच्या हिशेबाने मागवायची. या शहराला उशिरा उठायची सवय असल्यामुळे ही न्याहारी अनेक कॅफेंमध्ये दुपारी तीन-चारपर्यंतही मिळते. दोघांसाठी तीन मजली तबक मागवायची पद्धत इथे फार आहे. त्यावर चीज, थंड मांसाचे काप, फळं, जॅम आणि अंडी असतात, पावाची टोपली वेगळी येते. चौघांत अशी दोन तबकं आणि एखादी गरम डिश पुरते. नवखी मंडळी चार तबकं मागवतात आणि निम्मं तसंच राहतं. पावाची दुसरी टोपली मात्र फुकट येईल असं धरू नका, तिचे सहसा वेगळे पैसे लागतात.

आता वेळ. गर्दीचा कडेलोट अकरा ते एक या वेळात होतो आणि तुम्ही नेमके त्यातच सापडलात. पावणेदहाला दारात असाल तर आरक्षणाशिवायही जागा मिळते. नाहीतर सरळ दोननंतर जा, मात्र स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते आधी पाहून ठेवा. कॅफे सहापर्यंत उघडा असला तरी अंडी-ऑम्लेट तीनलाच थांबलेलं असू शकतं. पुष्कळ लोकप्रिय कॅफे शनिवार-रविवारी छोट्या गटांचं आरक्षण घेतच नाहीत. तिथे फोन करत बसू नका, लवकर पोहोचा. सहा-आठ जण असाल तर मात्र आरक्षणाशिवाय निघू नये. आणि आरक्षण असलं तरी टेबल दीड-दोन तासांसाठीच दिलेलं असतं. पंधरा मिनिटं उशीर झाला की ते दुसऱ्याला देऊन टाकतात.

फोनवर जर्मनमध्ये बोलताना एक चूक हमखास होते. ‘हाल्प एल्फ’ हे शब्दशः ‘अर्धा अकरा’ आहे, पण त्याचा अर्थ साडेदहा. इंग्रजीच्या सवयीने माणूस ते साडेअकरा समजतो, तासभर उशिरा पोहोचतो आणि टेबल गेलेलं असतं. खरं तर मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये, कारण आपला ‘अडीच’ याच घडणीचा शब्द आहे. संस्कृतातला ‘अर्धतृतीय’, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे तो. जर्मन माणूस अडीच वाजल्याला ‘हाल्प ड्राय’, अर्धा तीन, म्हणतो. अडीच आठवला की ‘हाल्प’ चुकत नाही. तरीही खात्री वाटत नसेल तर ‘त्सेन उअर ड्रायसिश’, दहा वाजून तीस, असं सांगा.

दारात ‘थांबा, तुम्हाला जागा दाखवली जाईल’ अशी पाटी असेल तर थांबायचं. नसेल तर रिकाम्या टेबलावर आपणच बसायचं. फक्त ‘रेझर्व्हिअर्ट’, म्हणजे राखीव, अशी चिठ्ठी आहे का ते बघा. तिच्यावर बरेचदा वेळही लिहिलेली असते. एक वाजता लिहिलं असेल आणि आत्ता साडेदहा वाजले असतील, तर वेटरला विचारा, तासाभरासाठी ते टेबल बहुधा मिळतं.

प्रश्न : जूनमध्ये सासू-सासरे नागपूरहून येणार आहेत. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाहीत. त्यांना एका रविवारी बाहेर न्यायचं आहे. काय मागवावं आणि कशापासून जपावं?
(प्रेन्त्सलाउअर बेर्ग, बर्लिन)

पहिली गोष्ट, जर्मनीत ‘फेगेटारिश’ म्हणजे अंडं आलंच. तेवढ्या एका शब्दावर विसंबू नका. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘इश एसे काइन फ्लाइश, काइनन फिश उंट काइने आयर’, मी मांस, मासे आणि अंडी खात नाही. दूध-दही चालतं हे पुढे लगेच सांगा: ‘मिल्श इस्ट ओके.’ नाहीतर वेटर तुम्हाला व्हीगन ठरवतो आणि चीजही काढून टाकतो.

खरा धोका आहे तो ओळखू न येणाऱ्या पदार्थांचा. जुन्या धाटणीच्या जर्मन खाणावळीत पावाबरोबर एका छोट्या वाटीत पांढरं, मऊ, थोडं कणीदार असं काहीतरी येतं, मध्ये तपकिरी कण दिसतात. आपल्या डोळ्यांना ते घरचं लोणीच वाटतं. ते ‘श्माल्त्स’, डुकराची वितळवून थिजवलेली चरबी, आणि तपकिरी कण म्हणजे तिचेच तळलेले तुकडे. न मागवताही ते टेबलावर येऊ शकतं, तेव्हा पावाला हात लावण्याआधी वाटीत काय आहे ते विचारा. बटाटा-अंड्याच्या ‘बाउअर्नफ्र्युश्टुक’मध्ये ‘श्पेक’, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, असतं. कार्डावर नाव साधंच दिसतं. बुफेत अर्ध्या पावावर गुलाबी खिमा आणि वर कच्चा कांदा दिसला तर ते ‘मेट’, डुकराचं कच्चं मांस. हे तुमच्यातल्या मांसाहारी मंडळींनाही सांगून ठेवा, कारण ते शिजवलेलंच नसतं.

गोडात जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला, पदार्थ थिजवणारा घटक. बुफेतली थरथरणारी जेली, मूस, क्रीमचे थर असलेले केक, सगळ्यांत ते असू शकतं. ‘रोटं ग्र्युत्सं’ हा लाल बेरींचा पदार्थ मात्र स्टार्च किंवा साबुदाण्यासारख्या दाण्यांनी घट्ट केलेला असतो, तो चालावा. फक्त वरच्या व्हॅनिला सॉसमध्ये अंड्याचा बलक आहे का ते विचारा. केक आणि पॅनकेकमध्ये अंडं असतंच, क्रोसाँवरही चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. राय या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा साधा पाव सगळ्यात निर्धोक: पीठ, पाणी, मीठ. चीजबाबत सासू-सासरे किती काटेकोर आहेत त्यावर ठरवा. परमेझान, ग्राना पादानो आणि ग्रुयेर यांत वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतंच, कारण त्या नावाच्या नियमांतच ते बसवलेलं आहे. इतर अनेक चीज सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटने बनतात, पण बुफेतल्या तुकड्यावर ते लिहिलेलं नसतं.

या भागातली एक डिश तुमच्या सासूबाईंना नक्की आवडेल: ‘पेलकार्टॉफल्न मिट क्वार्क उंट लाइनओल’. सालासकट उकडलेले बटाटे, शेजारी कांद्याची पात घातलेलं क्वार्क आणि वरून जवसाचं तेल. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का, थोडा सैल. जवसाची चटणी ज्या घरात होते तिथे या तेलाचा वास परका वाटत नाही. मात्र हे तेल ताजंच चांगलं. कडवट लागलं तर खवट झालेलं आहे, परत पाठवा. क्वार्क घट्ट करतानाही कधी थोडं रेनेट घालतात, तेवढं लक्षात असू द्या.

आमचा सल्ला विचाराल तर पहिल्या रविवारी त्यांना जर्मन बुफेला नेऊच नका. नॉयकोल्नमधल्या झोनेनआली रस्त्यावर अरबी न्याहारी मिळते. फूल, म्हणजे शिजवून लिंबू-लसूण-जिऱ्यात घोटलेले बाकल्याचे दाणे, हमस, फलाफल, लोणच्याच्या फोडी, पुदिना, कांदा आणि गरम रोटी. अंडं नाही, मांस नाही, आणि चव जिभेला ओळखीची. चौघांना दोन फूल, एक हमस, एक फलाफलची ताटली पुरते. ‘फत्ते’ मागवलीत तर ती लगेच खा. तळलेल्या रोटीवर दही आणि हरभरे घालतात, दहा मिनिटांत रोटी भिजून लगदा होतो. शिवाय फत्तेवर कधी मांसाचे तुकडे घालतात, ‘ओने फ्लाइश’, मांसाशिवाय, असं सांगा.

तुर्की न्याहारीसाठी क्रॉयत्सबेर्गला जा. जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार 30 ऑक्टोबर 1961 रोजी झाला आणि त्या काळापासून आलेल्या कुटुंबांनी हा भाग घडवला. ऑलिव्ह, पांढरं चीज, काकडी, टोमॅटो, मध आणि साय, ‘सिमित’ हा तीळ लावलेला गोल पाव आणि पेल्यात चहा. हे सगळं छोट्या छोट्या बशांत टेबलभर मांडलं जातं. ‘मेनेमेन’ आणि ‘सुजुक’ वगळायला सांगा. पहिल्यात अंडं आहे, दुसरं बहुधा गोमांसाचं सॉसेज.

प्रश्न : हॉटेलात कार्ड पुढे केलं तर वेटरने नकार दिला, रोख पैसे नव्हते, फार ओशाळवाणं झालं. आणि टिप किती द्यायची, कशी द्यायची?
(ठाणे, सध्या तीन महिन्यांसाठी बर्लिनला)

बर्लिनमध्ये अजूनही अनेक छोट्या कॅफेंत ‘नुअर बारत्साहलुंग’, फक्त रोख, अशी चिठ्ठी दारावर किंवा गल्ल्याजवळ असते. ‘फक्त ईसी-कार्ड’ असं असेल तरी भारतीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालेल असं धरू नका, कारण ते जर्मन बँकांचं ‘जिरोकार्ड’ असतं. बसण्याआधीच विचारा: ‘कान इश मिट कार्टं त्साहलन?’ माणशी चाळीस युरो रोख खिशात ठेवले की रविवार निभावतो. कार्डाच्या यंत्रावर किंवा एटीएमवर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर दर वेळी युरो निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर ते यंत्रवालेच लावतात आणि तो महाग पडतो.

टिप पाच ते दहा टक्के, वरचा आकडा गोल करून. ती टेबलावर ठेवून जायची इथे रीत नाही, पैसे देतानाच एकूण रक्कम सांगायची. बिल 21.80 झालं असेल आणि तुम्ही तीसची नोट दिली, तर ‘फिअर-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणा. वेटर चोवीस धरून सहा युरो परत देतो. जर्मन आकडे आपल्यासारखेच चालतात, आधी चार मग वीस, चो-वीस, त्यामुळे जीभ अडखळत नाही. नोट हातात देताना ‘डांकं’, धन्यवाद, मात्र म्हणू नका. तिथे त्या शब्दाचा अर्थ ‘उरलेले ठेवा’ असा होतो, आणि आठ युरोची टिप जाते. सुटे परत हातात आले की मग खुशाल आभार माना.

बिल मागितलं की पहिला प्रश्न येईल, ‘त्सुझामन ओडर गेट्रेन्ट?’, एकत्र की वेगवेगळं. वेगवेगळं मागण्यात कसलाही संकोच नको. वेटर प्रत्येकाजवळ येऊन त्याचं त्याचं जोडतो, म्हणून आपण काय काय घेतलं ते आठवून ठेवा. तबक वाटून खाल्लं असेल तर मात्र एकाने सगळं भरावं आणि घरी हिशेब करावा. अर्धं-अर्धं तबक जोडत बसलात तर मागची टेबलं खोळंबतात.

प्रश्न : पाणी मागितलं की विकतची बाटली येते, तीही बुडबुड्यांची. साधं पाणी मिळतं का?
(पुणे)

‘श्टिलेस वासर’ म्हटलं तर बुडबुड्यांशिवायची बाटली येते, विकतचीच. नळाचं पाणी हवं तर ‘लायटुंग्सवासर’. बर्लिनचं नळाचं पाणी भूजलातून येतं, पिण्यास पूर्ण सुरक्षित आहे, थोडं जड लागतं. ते फुकट देण्याचं बंधन हॉटेलवर नाही. कॉफीबरोबर एक पेला मागितला तर सहसा देतात, फक्त नळाच्या पाण्यावर तासभर बसलेलं त्यांना रुचत नाही.

प्रश्न : विद्यार्थी आहे. खिशात बारा-पंधरा युरो. शनिवार-रविवारी बाहेर खाण्यासाठी कुठे जाऊ?
(वेडिंग, बर्लिन)

शनिवार बाजारांचा. शोनेबेर्गमधल्या विंटरफेल्टप्लात्सवर सकाळपासून दुपारपर्यंत बाजार भरतो, नोलेनडॉर्फप्लात्स स्थानकापासून पाच मिनिटांवर. ठेल्यांवर गरम खाणं मिळतं आणि बाकांवर बसून खाता येतं. फ्रीडरिशहाइनच्या बॉक्सहागनर प्लात्सवर शनिवारी खाण्यापिण्याचा बाजार असतो, रविवारी त्याच जागी जुन्या वस्तूंचा. तिथला रविवार भाजी घेण्याचा समजून जाऊ नका. क्रॉयत्सबेर्गच्या सीमेवरचा मायबाखउफरचा प्रसिद्ध तुर्की बाजारही मंगळवारी आणि शुक्रवारी असतो, शनिवार-रविवारी नाही.

उन्हाळ्यात प्रॉयसनपार्कजवळचा थाई बाजार बघा, फेरबेलिनर प्लात्स स्थानकाच्या शेजारी. लोक त्याला थाईपार्क म्हणतात. शाकाहारी असाल तर माशाचा सॉस नसलेलं काय आहे ते विचारा, पपईच्या सॅलडमध्ये तो असतोच. रोख न्या, आणि एकच मोठी ताटली घेण्याऐवजी दोघांत तीन छोट्या घ्या.

रविवारी एक पथ्य पाळा. त्या दिवशी सुपरमार्केट कायद्याने बंद असतात. मुख्य स्थानक, ओस्टबानहोफ अशा मोठ्या स्थानकांतली दुकानं उघडी असतात, पण तिथे रांगा लागतात. बेकऱ्या उघड्या असतात, पण उशीर करू नका. दहाच्या आत गेलात तर ‘श्रिपं’, बर्लिनकर छोट्या पावाला हेच म्हणतात, ताजे मिळतात. गोड हवं असेल तर ‘फानकुखन’ मागा. बाकी जर्मनीत हा शब्द तव्यावरच्या पॅनकेकला वापरतात, बर्लिनमध्ये मात्र जॅम भरलेला तळलेला गोल पाव हातात पडतो. पॅनकेक हवा असेल तर इथे ‘आयरकुखन’ म्हणायचं.