चिलखताची कोपर वाकवून बघा

प्रश्न : नमस्कार, एका प्रदर्शनात आजच्या काळातल्या एका कारागिराने बनवलेलं 15व्या शतकातल्या युरोपियन पद्धतीचं पोलादी चिलखत पाहिलं आणि मला तिथून हलावंसंच वाटेना. भाऊ म्हणतो, यात काय एवढं, पत्रा प्रेसमध्ये घातला की झालं. मला त्याला नीट सांगता येईना. आणि एवढं जड घालून माणूस हलतो तरी कसा?

उत्तर : आधी भावाचं बघू. प्रेसमधून येतो तो पत्रा कसा ताणला जाईल ते साच्यावर ठरतं, त्यात कारागिराचा हात नसतो. चांगलं चिलखत सगळीकडे सारखं जाड नसतंच मुळी, छातीच्या मध्यावर आणि हेल्मेटला पुढून पोलाद जाड आणि बाजूला, हातापायांवर पातळ, काही ठिकाणी तर जेमतेम 1 मिमी. म्हणजे जिथे भाला लागायची शक्यता जास्त तिथेच वजन खर्च करायचं. आता हे हातोड्याने करायचं म्हणजे बघा, पत्रा आतून ठोकून खोलगट केला की मध्ये पातळ होत जातो, म्हणून हेल्मेट बहुतेक उलट्या पद्धतीने घडवतात, गोल टोकाच्या ऐरणीवर ठेवून बाहेरून ठोकत कडा आत आत घ्यायची. त्यात पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, मग मऊ करायला तापवा, हळूहळू गार होऊ द्या, परत ठोका, हे कितीदा ते विचारू नका.

आणि एवढं झाल्यावर पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद टणक करायचं! पातळ पोलाद लाल करून एकदम थंड केलं की वाकडंतिकडं होऊ शकतं, महिनाभराची मेहनत एका क्षणात पिळवटते. वर ते काचेसारखं ठिसूळ होऊ नये म्हणून पुन्हा बेताने तापवावं लागतं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे जुने कारागीर यात फार तयार होते. आजचा जो कोणी हे करायला धजतो त्याला माझा सलाम, कारण नुसतं शोभेचं बनवायचं असेल तर ही पायरी गाळली तरी बघणाऱ्याला कळत नाही.

आता हलण्याबद्दल. पूर्ण संच साधारण 20 ते 25 किलोचा, पण तो सगळा खांद्यावर लटकत नाही, अंगभर वाटला जातो. बूसिको नावाच्या फ्रेंच सरदाराच्या चरित्रात तर लिहिलंय की तो हेल्मेट सोडून बाकी सगळं चिलखत अंगावर असताना कोलांटी मारायचा. गंमत आहे ती जोडांमध्ये. कोपर, खांदा, कंबर इथे अरुंद पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, काही आतून चामड्याने जोडलेल्या आणि काहींच्या रिव्हेटला (जोडणाऱ्या खिळ्याला) गोल भोक नसून लांबट खाच असते, त्यात रिव्हेट मागेपुढे सरकतो आणि पट्टीही सरकते. खाच थोडी आखूड झाली तर हात अडकतो, लांब झाली तर वाकवताना फट पडते आणि शस्त्राचं टोक आत शिरायला जागा मिळते.

आरशासारखं पॉलिश मला स्वतःला फारसं भुलवत नाही, खरं सांगायचं तर ते बरेचदा हातोड्याचे खड्डे लपवायला असतं (सगळ्यांचं नाही हं). पुढच्या वेळी भावाला घेऊन जा आणि परवानगी असेल तर कोपर त्यालाच वाकवून बघू द्या, फट दिसते का, आणि मग हळूच उलटं करून आतली बाजू दाखवा, हातोड्याच्या खुणा शोधायला.