ठाण्यात राहतो. घरी डबल साइड पीसीबी (दोन्ही बाजूंना तांब्याचे ट्रॅक असलेला सर्किट बोर्ड) करताना दोन्ही बाजूंचे पॅड (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकत्या) जुळत नाहीत, तीन बोर्ड वाया गेले. कागद बदलू, लॅमिनेटर घेऊ, की नाद सोडू?

नाद सोडू नका. तीन बोर्ड वाया गेले म्हणून "घरी सिंगल साइडच होते" असं ठरवायचं कारण नाही. रबाळ्यात एका वर्कशॉपमध्ये शिकत असताना तिथले सीनियर हेच ऐकवायचे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

दोन्ही लेयर (वरच्या आणि खालच्या बाजूची नक्षी) एकाच ए-फोर कागदावर, एकाच दिशेने छापा आणि मग कापून वेगळे करा. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने कागद किंचित आकसतो, आणि उभा-आडवा सारखा आकसत नाही. टॉप लेयर मिरर (आरशातल्यासारखा उलटा), बॉटम तसाच. बहुतेकांचं चुकतं ते पुढे. दोन कागद स्टेपल करून पाकीट करतात, त्यात १.६ मिमीचा बोर्ड सरकवला की वरचा कागद कडेवर चढतो आणि जुळवलेल्या खुणा हलतात. त्याऐवजी त्याच जाडीच्या भंगार एफआर-फोरच्या (बोर्ड ज्या फायबरग्लासचा असतो त्याच्या) दोन पट्ट्या काटकोनात खालच्या कागदावर डबल टेपने चिकटवा. वरचा कागद पट्ट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा, खुणा जुळवा, मगच चिकटवा. नजर अगदी सरळ हवी, तिरकं बघितलं की जुळल्यासारखं वाटतं आणि फसतं. बोर्ड त्या कोपऱ्यात दाबून बसवायचा आणि दोन्ही बाजूंनी इस्त्री, म्हणजे कागदावरचा टोनर तांब्यावर उतरतो. व्हायाचा (दोन्ही बाजू जोडणाऱ्या भोकाचा) पॅड १.८ मिमी आणि भोक ०.८ ठेवलंत तर भोवती अर्धा मिमी तांबं उरतं. ०.३ मिमी सरकलं तरी चालून जातं.

म्हणजे जुळवणी हा अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. बोर्ड मरतो तो लेआउटमुळे, म्हणजे ट्रॅक कुठून नेलेत त्यामुळे.

माझा टाकीच्या लेव्हल कंट्रोलरचा बोर्ड होता. पॅड जुळलेले, एचिंग (नको असलेलं तांबं रसायनाने काढणं) स्वच्छ, तरी एलईडी लागेना. स्क्रू टर्मिनल बोटाने दाबलं की लागायचा, सोडलं की विझायचा. सीनियरनी "अलाइनमेंट गेली" म्हणून बोर्ड भंगारात टाकला. अलाइनमेंट ठीक होती. पाच व्होल्टचा ट्रॅक मी वरच्या बाजूने टर्मिनलच्या पायापर्यंत नेला होता. फॅक्टरीच्या बोर्डात भोकाच्या आतल्या भिंतीला तांबं चढवलेलं असतं, खालून सोल्डर केलं तरी वरची बाजू जोडलेलीच असते. घरच्या बोर्डात ती भिंत कोरडी. पाय वरच्या पॅडला नुसता टेकत होता, आणि टर्मिनलच्या प्लास्टिकखाली आयर्नचं टोक जात नव्हतं.

म्हणून टर्मिनल, रिले, कनेक्टर यांना फक्त खालचे ट्रॅक द्या. वर जायचं असेल तर शेजारी मोकळ्या जागेत व्हाया काढा. रेझिस्टरचे कापलेले पाय भोकातून घालून दोन्हीकडे वाकवून सोल्डर करा, पण आयसीखाली नको, ती सपाट बसणार नाही. आयसीला गोल पिनांचं सॉकेट घ्या, त्याचे पाय वरूनही सोल्डर करता येतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दोन मिमी उचलून लावा, म्हणजे त्याच्याखाली आयर्नचं टोक जाईल. पार्ट लावण्याआधी एकेक व्हाया मल्टिमीटरवर वाजवून बघा.

एचिंगला बोर्ड ट्रेमध्ये आडवा टाकू नका. खालची बाजू मागे राहते, आणि ती होईपर्यंत वरचे बारीक ट्रॅक टोनरखालून खाल्ले जातात. कोपऱ्यातल्या भोकात नायलॉनचा दोरा ओवून अरुंद बरणीत उभा टांगा, हलवत राहा. फेरिक क्लोराइड (एचिंगचं रसायन) चाळीस अंशांच्या आसपास कोमट असलं की काम लवकर होतं.

कागद गुळगुळीत मासिकाचा सहसा चालतो. लॅमिनेटरचं म्हणाल तर बरीच साधी मशीन १.६ मिमीचा बोर्ड ओढत नाहीत, घ्यायचंच तर आधी तुमचा बोर्ड त्यात घालून बघा.

एक राहिलं. २३० व्होल्ट या बोर्डावर आणू नका. सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक थर) नाही आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती दमट असते ते ठाण्यात राहून तुम्हाला माहीत आहेच. आणि वापरलेलं फेरिक बेसिनमध्ये ओतायचं नाही. स्टीलचं सिंक खातंच, शिवाय त्यात विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना विषारी असतं आणि आपली गटारं खाडीला मिळतात. प्लास्टिकच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून ठेवा, बरेच बोर्ड निघतात त्यात.