जुन्या गावठाणातली समाधी कशी शोधावी?

प्रश्न : आमचं मूळ गाव औसा तालुक्यात. आम्ही लिंगायत. १९९३ च्या भूकंपात जुनं गाव पडलं आणि नवं गाव दुसरीकडं वसलं. माझा जन्म पुण्याचा. पणजोबांची समाधी जुन्या रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत आहे, एवढंच वडील सांगायचे. आता वडीलही नाहीत. मला घराण्याची माहिती जमवायची आहे. बाईमाणसानं स्मशानात जाऊन असं शोधणं बरं दिसेल का? आणि तिथं हाती काय लागेल?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, जरूर जा. मी शेजारच्या निलंगा तालुक्यातला. आमच्याकडं आजी, आत्या मातीला यायच्या, समाधीवर बेल वाहायच्या. काही घरांत अजून नको म्हणतात, म्हणून भावकीतल्या एखाद्या थोरल्या काकूंना सोबत घ्या आणि गावच्या मठपतींना, म्हणजे समाजाच्या पुरोहितांना, आधी कळवा. ती जागा समाजाची आहे. शिवाय तुमच्या पिढ्यांचे विधी बहुधा त्यांच्याच घरानं केलेले असतील, त्यामुळं कोण कुठं आहे हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

पण दगडाकडं जाण्याआधी माणसांकडं जा. हे मी अगदी कळकळीनं सांगतो. पुनर्वसनात जमीन किती यावरून लहान-मोठी घरं वाटली गेली. गल्ल्या मोडल्या, भावकी विखुरली. सरळ रस्त्यांच्या नव्या गावात ओट्यावर बसलेल्या आजोबांना ‘आमची समाधी कुठं’ असं विचारलंत, तर ते नुसता हात हलवून दिशा दाखवतील. त्यांना गाडीत बसवून जुन्या गावठाणात न्या. पडकी वेस, बुजलेली विहीर, मारुतीचं देऊळ दिसलं की त्यांना आपोआप आठवायला लागतं : इथून तुमचा वाडा, तिथून मागं मातीची वाट, अमक्याच्या शेजारी तमक्याचा खड्डा. जुनं गाव जाणतेपणी पाहिलेली माणसं दर वर्षी कमी होत आहेत. दगड आणखी दहा वर्षं थांबेल, ही माणसं थांबणार नाहीत. त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारून.

जायला सगळ्यात चांगला दिवस येळवशीचा, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा. पुण्या-मुंबईची भावकी गावी आलेली असते, सगळे शेतात कडब्याच्या कोपीपाशी (खोपीपाशी) असतात, आंबील-भज्जी खाऊन निवांत बसलेले असतात. आमच्या भागात पुष्कळ घरांच्या समाध्या रुद्रभूमीत नसून स्वतःच्या शेतात, बांधाच्या कडेला असतात. त्याही त्याच दिवशी विचारून घ्या. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, गवतात पाय कुठं पडतो ते दिसत नाही.

रुद्रभूमीत सगळ्यांची नावं कोरलेली मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडं देह बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती दिली जाते. वर बऱ्याच ठिकाणी नुसता उंचवटा आणि चार दगड असतात. ऐपत असलेल्यांनी ओटा बांधला, पिंडी आणि नंदी बसवला, शहाबादी फरशीवर नाव घातलं. अशा फरशीवर ‘लिं.’ हे अक्षर आधी शोधा. इतरत्र ‘कै.’ लिहितात तिथं आपल्याकडं लिंगैक्य असं असतं. सीमेलगत असल्यानं मजकूर कानडीतही असू शकतो, तेव्हा फोटो काढून जाणकाराला दाखवा. पुसट अक्षरं सकाळी लवकर किंवा मावळतीला, तिरप्या उन्हात उमटून दिसतात; दुपारी गेलात तर आरशानं बाजूनं ऊन पाडा. तारेचा ब्रश, ॲसिड, अक्षरांत खडू किंवा कुंकू भरणं, यातलं काहीही करू नका. शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात, आणि एकदा सुटले की नाव गेलंच.

तारखेचं म्हणाल तर शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (वर्षाअखेरचे महिने असतील तर ७९). निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली सन (महसुली वर्ष) असतो, त्यात ५९० मिळवायचे. आकडे झिजले असले आणि संवत्सराचं नाव वाचता आलं तरी काम होतं, कारण साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. समजा ‘श्रीमुख’ वाचलंत, तर वर्ष १८७३, १९३३ किंवा १९९३ मध्ये सुरू झालेलं. तुमच्या पणजोबांसाठी यातलं मधलं जवळचं वाटतं, पण ओट्याची बांधणी आणि अक्षरांची धाटणी पाहूनच ठरवा. सिमेंटचा ओटा दिसला तर तो मागाहून बांधलेला असण्याची शक्यताही धरा.

नाव जुळलं म्हणून लगेच आनंदून जाऊ नका. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळं एकाआड एक पिढीत तेच मल्लप्पा, तेच बसप्पा. बापाचं नाव जुळल्याशिवाय माणूस पक्का धरू नये. त्यासाठी तहसील कार्यालयातून १९५४-५५ चं खासरा पत्रक (कोणती जमीन कुणाकडं होती याची नोंद) आणि वारसाचे जुने फेरफार यांच्या नकला घ्या. वारसाच्या फेरफारात खातेदार मेल्याची नोंद आणि मुलांची नावं एका जागी मिळतात, तुमच्या कामाला याहून चांगला कागद नाही. १९४८ पूर्वीचे कागद बहुतेक उर्दूत असतात. त्यात आडनाव क्वचितच दिसेल. ‘बसप्पा वल्द मल्लप्पा’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे मल्लप्पाचा मुलगा बसप्पा. घरात इनाम किंवा वतन असेल तर मुंतखब (इनाम-वतनाचा निजामकालीन सरकारी दाखला) आहे का, हेही विचारा, त्यात वारसांची साखळी दिलेली असते.

आजींची, पणजींची नावं या कागदांत फारशी येत नाहीत. त्यांच्यासाठी माहेरकडची माणसं गाठावी लागतील. तुम्ही पत्रात फक्त पणजोबांबद्दल विचारलं आहे, पण पणजीचं माहेर कोणतं, तिची माती कुठं झाली, हेही त्याच फेरीत काकूंना विचारा. बायकांना ते नक्की आठवतं.

समाधी सापडली तर तिचा फोटो, मोबाईलवरचं ठिकाण आणि ती ओळखून देणाऱ्याचं नाव असं एका कागदावर लिहून त्याची एक प्रत मठपतींकडं ठेवा. पुढं दुसरं कुणी शोधत आलं, तर त्याला तिथूनच सुरुवात करता येईल.