बहुविद्याशाखीय पत्रिकेत पैसे भरून पेपर छापावा का?

नका छापू. मी छापलाय, म्हणून सांगते.

'गाइड म्हणतात समाज, साहित्य, शिक्षण, मार्केटिंग सगळं घेणारी पत्रिका आहे, १८०० रुपये भर, आठवड्यात येईल' हे तुमचं वाक्य वाचलं आणि २०१७ आठवलं. तेव्हा आकडा १५०० होता, बाकी शब्द तेच.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. विभागप्रमुख हेच माझे गाइड. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची, अजून विकते. माझा पीएचडीचा विषय होता तिची विक्रीची भाषा. दोन वर्षं दर बुधवारी आणि रविवारी तिच्या पाटीमागे वही घेऊन बसले. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा ती सुकट आणि सोडे घेऊन बसे आणि बोलायला तिला वेळ असे.

बांगड्याचंच घ्या. आमच्याकडे बांगडा महागला तरी आई 'भाव वाढला' असं तोंडातून काढत नाही. 'शंभराक चार' म्हणते. आवक भरपूर झाली की 'शंभराक सात', वारं सुटून होड्या किनाऱ्याला लागल्या की 'शंभराक तीन'. शंभर जागचे हलत नाहीत, बांगडे कमीजास्त होतात. पाच रुपयांचा पुडा तसाच ठेवून आतली बिस्किटं कमी करायची, तीच ही युक्ती. फरक इतकाच की आई समोर मोजून देते. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला 'दादा' म्हणून पहिला भाव चढा सांगायचा, वाडीतल्या बाईला नावाने हाक मारून सरळ सांगायचा. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायची असेल तर पडत्या भावातही द्यायचं, पण ते पडलंय हे बाजूच्या बाईला कळू न देता. यात भाषा आहे, समाज आहे, धंदा आहे. मला तर यात नाटकही दिसतं.

सरांना यातलं काहीच दिसलं नाही. 'हे साहित्यात बसत नाही, वाणिज्यवाल्यांना दाखव.' वाणिज्यवाले म्हणाले, 'आकडे कुठायत?' समाजशास्त्र विभाग आमच्याकडे नव्हताच. वर्षभर वही कपाटात पडली. मग यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१६ चा नियम लागू झाला: पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापलेला हवा. त्याबरोबर सरांचा सूर बदलला. 'बहुविद्याशाखीयमध्ये टाक की, तिथे काहीही बसतं.'

'काहीही बसतं' हे शब्द मला आजही टोचतात. दोन शाखांच्या मधे खरं काम करायचं तर दोन्ही शाखा शिकाव्या लागतात. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक. त्यांनी तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी तराजूत घालून तोलली आणि वापराने किती झिजली यावरून संख्याशास्त्राने त्यांचा काळ लावला. त्यांना कुणी 'काहीही बसतं' म्हणून नाण्यांकडे पाठवलं नव्हतं.

तर, मी सकाळी पेपर मेल केला. संध्याकाळी उत्तर आलं: दोन तज्ज्ञांनी तपासला, स्वीकारला, आता फी भरा. दोन तज्ज्ञ, एक दुपार. अंक आला तेव्हा माझ्या निबंधाच्या आधी कबड्डीपटूंच्या पायांची ताकद होती आणि नंतर म्युच्युअल फंड. त्यांनी फॉन्ट बदलताना सगळ्या वेलांट्या सरकवल्या होत्या. 'गिऱ्हाईक' हा माझा मुख्य शब्द, तो सगळीकडे 'गऱिहाईक' झालेला. मोजलं, एक्केचाळीस वेळा. कव्हरवर आयएसएसएन मात्र ठळक. तो नुसता आठ आकडी ओळखक्रमांक असतो, फुकट मिळतो, आत काय छापलंय याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुमच्या त्या पत्रिकेने कव्हरवर तो मिरवला असेल तर भुलू नका.

आईला निबंध वाचून दाखवला. मी लिहिलं होतं, 'वाट्याचा (एका भावाला विकायच्या माशांच्या ढिगाचा) आकार ठरलेला असतो.' तिने तिथेच अडवलं. 'संध्याकाळचो वाटो आणि सकाळचो वाटो एक कसो?' बरोबरच होतं. ऊन चढलं, बर्फ उतरला की वाटा मोठा होतो, आणि मी संध्याकाळी कधी बसलेच नव्हते. माझ्या नोंदींतली ही मोठी चूक दोन तज्ज्ञांना सापडली नाही. मग तिने विचारलं, 'आणि ह्या छापूक पैशे तूच दिलंस?' मी गप्प.

हा बाजार उभा कसा राहिला ते माहीत असू द्या. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांची बढती पेपरच्या गुणांना बांधली आणि पैसे घेऊन पेपर छापणारी दुकानं निघाली. २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी आली, तर दुकानंच तीत घुसली. २०१८ मध्ये चार हजारांवर नावं काढावी लागली. त्याच वर्षी संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिका तपासल्या तर ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाल्या. मग पुणे विद्यापीठात केंद्र करून यूजीसीची 'केअर' ही चांगल्या पत्रिकांची नवी यादी आली. तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. म्हणजे 'यूजीसी मान्य' हा शिक्का आता कुणी दाखवला तर तो शिळा आहे. चांगलं-वाईट तुमच्या संस्थेने आणि तुम्हीच ठरवायचं.

आणि मुख्य म्हणजे २०२२ च्या नियमांत सादर करण्याआधी पेपर छापण्याची ती केंद्रीय सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो कार्यालयात जाऊन लेखी विचारा. गाइडच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. गाइडला स्वतःलाही पेपर हवे असतात, हे मला उशिरा कळलं.

हो, एक सांगायचं राहिलं. फी घेते ती प्रत्येक पत्रिका खोटी नसते, छपाईला आणि टपालाला खर्च येतोच. आणि नोकरीची मुलाखत तोंडावर असेल, फायलीत एक कागद कमी पडत असेल, तर तुम्ही काय करावं हे मी बोलू शकत नाही. मी तेच केलं होतं. पण वेळ असेल तर निबंध आधी अशा माणसाला द्या ज्याचा त्यात जीव आहे. आंब्यावर लिहीत असाल तर पेटी भरणाऱ्याला, आणि दलालालाही. मग दुसऱ्या शाखेतल्या एखाद्या खडूस माणसाला.

निबंधावर लेखक म्हणून दोन नावं आहेत, पहिलं सरांचं. तशी पद्धतच आहे म्हणाले. सर तेव्हा दर बुधवारी आणि रविवारी आमच्याकडूनच सुरमई न्यायचे, आणि घासाघीस अशी करायचे की दोन वर्षांच्या माझ्या वहीत तसं दुसरं गिऱ्हाईक नाही. निबंधाच्या चौथ्या पानावर गिऱ्हाईक क्रमांक ७ चा संवाद अख्खा दिलाय, 'काटे जास्त आहेत, शेपटीकडचं वजन काप' सकट. सर निवृत्त झाले, निबंध त्यांच्या यादीत अजून आहे. गिऱ्हाईक क्रमांक ७ कोण, हे त्यांनी मला आजवर विचारलेलं नाही.