मिरर डिंगी, सागवानी सुकाणू आणि बाबांचा फेव्हिकॉल

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही लेस्टरला असतो. शेजारच्या आजोबांनी गॅरेज आवरताना त्यांची जुनी मिरर डिंगी (छोटी शिडाची होडी) आम्हाला फुकटात देऊन टाकली. लाल शीड मस्त आहे पण होडीचे पार हाल झालेत, तळाच्या एका सांध्यावरची फायबरग्लासची पट्टी सुटलीय, पुढच्या सपाट नाकाजवळ बोट दाबलं की प्लायवूड आत जातं आणि सुकाणू तर गायबच. सध्या रत्नागिरीहून माझे बाबा आलेत, ते म्हणतात सगळं घरी करू, सागवानाचं सुकाणू, सांध्यांना फेव्हिकॉल, वरून ऑइलपेंट. नवरा म्हणतो पार्ट विकत घे. उन्हाळ्यात रटलंड वॉटर तलावावर न्यायचीय. कुणाचं ऐकू?

उत्तर : बाबांचं ऐका ताई, फक्त फेव्हिकॉल सोडून. ही होडी मुळात घरी बनवायलाच काढलेली. १९६३ मध्ये डेली मिरर पेपरने ती आणली, नाव तिथलंच. डिझाइन जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांचं. किट घरी यायचं, प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे आणि सांध्यावर फायबरग्लासची पट्टी रेझिनने बसवायची, झाली होडी. तेव्हा घरचे पार्ट लावले म्हणून तिचा काही अपमान होत नाही.

सगळ्यात आधी ती वाळवा. लोकांना इथेच दम निघत नाही, ओल्या प्लायवर रेझिन मारतात आणि पुढच्या सीझनला पट्टी परत हातात येते. बुचं काढा, आतल्या हवेच्या टाक्या उघड्या ठेवा, गॅरेजमध्ये पंखा लावून काही आठवडे तशीच राहू द्या.

मऊ झालेलं प्लाय कोरडं झालं तरी ते परत धडधाकट होत नाही, कापूनच काढायचं. प्लाय ५ मिमीचं असेल तर कापलेल्या कडेला साधारण ४० मिमीचा उतार द्या, म्हणजे जाडीच्या आठपट, नव्या तुकड्यालाही तसाच उलटा उतार, मग दोन्ही एकमेकांवर बसतात आणि सांध्याला ताकद येते. प्लाय मरीनच घ्या, बाबांना सांगा आपल्याकडे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवर जसा आयएस ७१० हा मानकाचा शिक्का बघतात तसा इथे बीएस १०८८ बघायचा.

चिकटवायला इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर अशा दोन भागांचं मिश्रण. जुन्या किटमधलं रेझिन बहुतेक पॉलिएस्टर असायचं, ते लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही. सुटलेली पट्टी ओढून काढा, लाकूड दिसेपर्यंत घासा, आधी नुसतं पातळ इपॉक्सी लाकडात मुरू द्या मग पट्टी. आणि हार्डनर मापानेच हां! पॉलिएस्टरमध्ये थोडा कमीजास्त चालतो, इपॉक्सीत थंडी आहे म्हणून जास्त घातला तर ते कधीच नीट घट्ट होत नाही, त्यापेक्षा हीटर लावा. साधा पांढरा फेव्हिकॉल पाण्यात राहून मऊ पडतो, तो बाबांनी कपाटासाठी ठेवावा.

सुकाणूला सागवान नको असं नाही पण सागाला अंगचं तेल असतं, चिकटवायच्या जागी ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावावं लागतं. मी असतो तर पातं मरीन प्लायचं केलं असतं आणि हातात धरायचा दांडा सागाचा, बाबाही खूश. बिजागऱ्या मात्र विकतच्या स्टेनलेस, तिथे जुगाड नको, पाण्यात सुकाणू निखळलं तर होडी तुमचं ऐकत नाही. त्यांच्या बोल्टसाठी आधी मोठं भोक पाडा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचं भोक पाडा. म्हणजे पाणी प्लायच्या गाभ्यात शिरत नाही. आणि इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरून पेंट किंवा यूव्हीवालं व्हार्निश लागतंच, तेव्हा ऑइलपेंटबाबतही बाबा फार चुकले नाहीत.

शीड चढवायला घरातली नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि शिडाची वरची काठी खाली सरकते, पॉलिएस्टरची घ्या. शेवटी टाक्या तपासा, बुचाच्या भोकाला नळी लावून तोंडाने हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी, बुडबुडा आला की तिथे गळतंय. कॉम्प्रेसर अजिबात नको, सांधे उसवतील. होडी उलटली तर याच टाक्या तिला तरंगत ठेवणार, म्हणून इथे बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत पाण्यात न्यायची नाही, मग उन्हाळा गेला तरी चालेल.

प्रश्न : आमच्या फायबरच्या ऑप्टिमिस्टला (मुलांची छोटी शिडाची होडी) तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेलेत. तिलाही इपॉक्सीच का? (ठाणे)

उत्तर : आधी नाण्याने ठोकून बघा. टणक आवाज आला तर तडे वरच्या जेलकोटचेच (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर), घासून नवा जेलकोट भरा. भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत, तेवढा भाग आतून घासून नवं कापड बसवावं लागेल. बहुतेक फायबरच्या होड्या पॉलिएस्टरच्याच असतात, तेव्हा पॉलिएस्टर रेझिन चालेल, स्वस्तही पडेल. फक्त आधी कुणी तिथे इपॉक्सी लावलंय का ते विचारा, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.