नागपुरात अलॉय व्हील चमकदार हवीत, पण सारखी पॉलिश करायला वेळ नाही. कोणतं फिनिश घ्यावं?

डोळे मिटून पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजून बसवलेला थर) घ्या: ब्राइट सिल्व्हर आणि वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. आरशासारखी चमक येणार नाही, पण वर्षानुवर्षं साधा शॅम्पू आणि पाणी पुरतं.

नुसतं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम शोरूममध्ये फार देखणं दिसतं, पण पावसाळ्यात ते हमखास मंद पडतं आणि पुन्हा घासत बसावं लागतं. पॉलिशवर क्लिअर कोट मारला तरी गुळगुळीत धातूवर त्याची पकड कच्ची राहते. फुटपाथच्या कडेला रिम घासली की तिथून ओल आत शिरते आणि कोटाखाली पांढऱ्या दोऱ्यांसारख्या रेषा पसरत जातात. डायमंड कटचंही (मशीनवर कापून चकचकीत केलेल्या चाकांचंही) तेच. क्रोमच्या वाटेला जाऊ नका, पापुद्रे सुटले की धार ब्लेडसारखी असते.

काम देताना जुना रंग पूर्ण काढून घेणार का, हे आधी विचारा. भट्टीचं तापमान साधारण २०० अंशांच्या वर नेऊ नका म्हणावं, जास्त उष्णतेने अलॉयची ताकद कमी होते.

आणि मे महिन्यात वर्धा रोडवरून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर बोअरचं पाणी मारू नका. क्षारांचे डाग बसतात, ते मग निघता निघत नाहीत.