हरळांमाजि रत्नकिळा : ‘हरळ’ म्हणजे दूर्वा का?

गिरगावातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या फलकावर त्यांनी फादर स्टीफन्सची ओवी लिहिली होती:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कीं रत्नांमाजि हिरा निळा । तैसी भाषांमाजि चोखळा । भाषा मराठी ॥

एका पालकांनी फलक वाचला आणि म्हणाले, “हरळ म्हणजे हरळीच ना, गणपतीच्या दूर्वा? हिरव्या गवतात रत्न चमकतंय, काय सुंदर!” ताईंना हे पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. शिवाय त्यांनी विचारलंय, की ‘अमक्यांमध्ये तमकं’ हा साचा स्टीफन्सचा स्वतःचा की दुसरीकडून आलेला?

ताई, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो. तो सुटला की पहिला आपोआप सुटतो.

साचा फार जुना आहे. गीतेचा दहावा अध्याय आठवा. ‘ज्योतिषां रविरंशुमान्’, ‘नक्षत्राणामहं शशी’, ‘अश्वत्थः सर्ववृक्षाणाम्’, ‘वैनतेयश्च पक्षिणाम्’, ‘ऋतूनां कुसुमाकरः’. अध्यायभर हेच चाललंय, एकेक घोळका घ्यायचा आणि त्यातला म्होरक्या दाखवायचा. सुभाषितातही तेच: ‘पुष्पेषु जाती नगरेषु काञ्ची, नारीषु रम्भा पुरुषेषु विष्णुः’. याच श्लोकाचा दुसरा पाठ ‘पुष्पेषु चम्पा नगरीषु लङ्का’ असा म्हणतात. म्हणजे जाई काढून चाफा घाला, कांची काढून लंका घाला, साच्याला काही होत नाही. पाणिनीनं याला सूत्रच दिलंय, ‘यतश्च निर्धारणम्’. समूहातून एक निवडून दाखवायचा असेल तर समूहाच्या शब्दाला षष्ठी किंवा सप्तमी लागते. गीतेत बहुतेक षष्ठी, सुभाषितात सप्तमी. आपल्या बोलण्यात आजही दोन्ही आहेत. ‘फळांचा राजा आंबा’ ही षष्ठी, आणि दादरच्या मंडईत ‘आंब्यात हापूस, माशांत पापलेट’ म्हणतात ती सप्तमी. (पापलेट की सुरमई, हा वाद इथे नको.)

स्टीफन्सच्या ओवीत त्या विभक्तीचं काम ‘माजि’ करतो. मध्य, प्राकृतात मज्झ, आणि त्यातून माझ, माज. ‘माजघर’ म्हणजे घरातली मधली खोली, तोच हा माज. ‘माजी आमदार’ मधला माजी मात्र अरबीतून आलेला, त्याचा अर्थ गेलेला, होऊन गेलेला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फलकावर दीर्घ ‘माजी’ लिहिलंत तर सातवीतलं एखादं पोर ‘भाषांमाजी’चा अर्थ ‘पूर्वीची भाषा’ असा लावेल, एवढीच भीती.

आता हा माणूस. थॉमस स्टीफन्स मूळचा इंग्रज, जेझुइट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला. ही ओवी ज्यात आहे ते त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. पुढे देवनागरीत आणताना ‘माजि’ की ‘माजी’, ‘चोखळा’ की ‘चोखाळ’ असे फरक पडले, ते त्यामुळेही. चोखळा (म्हणजे चोख, शुद्ध) मला बरं वाटतं, किळा-निळा-चोखळा असं यमक नीट बसतं. हिरा ‘निळा’ का, असंही कुणी विचारेल. माझ्या मते तिथे यमकानं कवीचा हात धरलाय.

पुढच्या ओव्या पाहिल्या तर गंमत वाढते. ‘जैसी पुष्पांमाजि पुष्प मोगरी, कीं परिमळांमाजि कस्तुरी’. हे ‘पुष्पेषु जाती’च्या किती जवळ आहे बघा. ‘जाती’चीच मराठीत ‘जाई’ झाली, आणि इथे जाईच्या जागी तिची बहीण शोभेल अशी मोगरी आली. मोगरा नाही, मोगरी. कारण उघड आहे, भाषा स्त्रीलिंगी आणि यमकाला पुढे कस्तुरी, आणि तिसऱ्या चरणात साजिरी बसलेल्या. त्याच्या पुढे ‘पखियांमध्यें मयोरु, रुखियांमध्यें कल्पतरु’. गीतेत पक्ष्यांत गरुड आणि वृक्षांत अश्वत्थ, इथे मोर आणि कल्पतरू. गरुड विष्णूचं वाहन म्हणून पाद्र्यानं टाळला असेल असं म्हणावंसं वाटतं, पण मग कल्पतरू कसा चालला? तोही इंद्राच्या बागेतलाच. म्हणून मी त्या तर्काला फार ताणत नाही. मयोरु, कल्पतरु आणि तिसऱ्या चरणातला थोरु हा उकारान्त मेळ त्याच्या कानाला गोड लागला असेल, एवढं पुरे.

मग त्यानं हे गीतेवरून घेतलं का? इथे मी हात आखडता घेतो. कारण हा साचा त्याच्या घरच्या ग्रंथातही होता. बायबलातल्या ‘गीतरत्ना’च्या दुसऱ्या अध्यायात काट्यांमध्ये जसं कमळ, तशी मुलींमध्ये माझी सखी, अशा अर्थाचं वचन आहे. लॅटिनमध्ये त्याची सुरुवात ‘सिकुत्’नं होते आणि पुढे ‘सिक्’ येतं, म्हणजे चक्क ‘जैसी… तैसी’. जेझुइट माणूस लॅटिन बायबलावर वाढलेला. गीतेच्या त्या श्लोकांत ‘यथा-तथा’ नाही, नुसतं नाव घेतलंय. पण म्हणून ते लॅटिनमधूनच आलं म्हणावं, तर ज्ञानेश्वरीत पानोपानी ‘जैसें… तैसें’ आहे, आणि ओवी लिहायला बसलेल्या माणसाच्या कानात ती चाल असणारच. दोन नद्या एका ठिकाणी मिळाल्यावर ओंजळीतलं पाणी कुठल्या नदीचं, हे कोण सांगणार?

तरी या दोन घराण्यांत एक भेद आहे, आणि त्यावर तुमचा पहिला प्रश्न सुटतो. गीतरत्नातलं कमळ हे काट्यांपैकी एक नाही. तिथे विरोध दाखवलाय. निर्धारणात, म्हणजे पाणिनीच्या त्या निवडीत, मात्र निवडलेला त्याच जातीचा असावा लागतो. मोर पक्षीच, मोगरी फूलच, मराठी भाषाच. गीतेतला शशी थोडा फसवतो, चंद्र काही नक्षत्र नव्हे, पण आकाशात रात्री चमकणाऱ्यांतलाच तो.

आता ओवीचे पहिले दोन चरण लागोपाठ वाचा. हरळांत रत्न, रत्नांत हिरा. पहिली पायरी जिथे संपते तिथून दुसरी सुरू होते. ‘काव्येषु नाटकं रम्यं, तत्र रम्या शकुन्तला, तत्रापि च चतुर्थोऽङ्कः’ हा तोच जिना. रत्न म्हणजे काय, तर दगड. हिराही दगड. मग जिन्याची सगळ्यात खालची पायरीही दगडाचीच हवी. ‘हरळ’ म्हणजे बारीक खडा, खडी, रेतीतला कण. तिथे दूर्वा घातल्या तर गवतावरून एकदम दगडावर उडी मारावी लागते, आणि कवी पुढच्या एकाही ओवीत अशी उडी मारत नाही.

किळा म्हणजे रत्नाचं तेज, त्याची किरणं. त्यामुळे अर्थ असा: खड्यांच्या राशीत रत्नाची झाक दिसावी तशी. माझी आजी चाळीच्या गॅलरीत उजेडाला ताट धरून तांदूळ निवडायची. खडा दिसला की नखानं कडेला. आपल्याला तांदूळ हवा म्हणून तिथे खडा वेगळा काढायचा, स्टीफन्सला खड्यांतून रत्न काढायचंय, एवढाच काय तो फरक.

त्या पालकांना सांगताना दुखवू नका. हरळी आणि हरळ कानाला अगदी सारखे आहेत, आणि मुंबईत आता खड्याला हरळ म्हणताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही. पुढच्या वर्षी फलकावर मोगरीची ओवीही लिहा. तिला टीप लागणार नाही.